पुढून झकास, मागून कच्चा: जुन्या जीपचा फायबर डॅशबोर्ड आणि पासिंग

जुन्या महिंद्रा जीपचा गंजलेला पत्र्याचा डॅशबोर्ड काढून त्या जागी बसवायचा फायबरचा तयार संच बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातल्या गॅरेजवाल्यांकडे मिळतो. खोक्यात असतं ते असं: फायबरचा कोरा साचा, 85 मिमीचा इलेक्ट्रॉनिक स्पीडोमीटर, 52 मिमीचे चार छोटे मीटर (डिझेल, टेंपरेचर, ऑइल प्रेशर, व्होल्ट), एलईडी खुणदिव्यांची (इंडिकेटर, ऑइल, चार्जिंग दाखवणाऱ्या छोट्या दिव्यांची) एक पट्टी, आठ टॉगल स्विच, चावीचा स्विच आणि रंगीबेरंगी वायरींचा बांधलेला जुडगा. किंमत गावागणिक आणि ओळखीगणिक बदलते, म्हणून ती इथे लिहीत नाही. घासाघीस करा.

निकाल आधीच सांगून टाकायचा तर: साचा घ्या, स्विच बदला, वायरींचा जुडगा दुकानातच ठेवून या, आणि स्पीडोमीटर जुना चालत असेल तर तोच लावा. विकणारा म्हणतो, "बसवा आणि न्या, पासिंग होतंय की ओ, काय टेन्शन नाही." पासिंग (आरटीओची तपासणी) होतं, पण खोक्यातून काढून जसाच्या तसा बसवला तर नाही. हा संच अडतो तो समोरून दिसणाऱ्या गोष्टींवर नाही, साच्याच्या मागे जे असायला हवं होतं आणि नाही, त्यावर.

कागदाची बाजू थोडक्यात. खासगी जीपची नोंदणी 15 वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी फॉर्म 25 भरून नूतनीकरण, आणि त्यासाठी आरटीओच्या ब्रेक इन्स्पेक्टरसमोर गाडी उभी करणं आलंच, मग कार्यालय बेळगावचं केए-22 असो, चिक्कोडीचं केए-23 की गोकाकचं केए-49. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की आरसी बुकातला तपशील आणि कंपनीने ठरवलेली मूळ गाडी यांच्यात फरक पडेल असा बदल करू नये. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितलं. कलम 182ए मध्ये अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. डॅशबोर्डचा उल्लेख आरसी बुकात नसतो, त्यामुळे नुसता डॅशबोर्ड बदलला म्हणून कागद बिघडत नाहीत. पण त्याच झटक्यात इंजिन बदललं, चासीस लांबवली, सीट वाढवल्या, तर डॅशबोर्ड कितीही नीट बसवा, गाडी अडणारच. आणि कागद नसलेल्या, चार गाड्यांचे सुटे भाग जोडून उभ्या केलेल्या जीपला हा संच कागद मिळवून देणार नाही. ब्रिटनमध्ये घरी जोडलेल्या एकट्या गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला नंबर देण्याची रीत आहे. आपल्याकडे नियम 126 प्रमाणे नमुन्याची मंजुरी पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडून घ्यावी लागते, आणि ते गाड्या बनवणाऱ्या कंपनीचं काम आहे, गॅरेजचं नव्हे.

कोल्हापूरकडून आणलेली एमएच-09 ची जीप असेल तर आणखी एक. दुसऱ्या राज्यात गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर कलम 47 प्रमाणे नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी फॉर्म 28 चा ना हरकत दाखला, चासीस नंबरची पेन्सिल छाप आणि कर्नाटकाचा कर. जुन्या काही जीपना कंपनीची माहितीपट्टी डॅशबोर्डवरच रिव्हेट मारून लावलेली असते. पत्रा काढताना ती पट्टी ड्रिलने फोडू नका. 3 मिमीच्या ड्रिलने रिव्हेटचं फक्त डोकं उडवा, पट्टी सरळ ठेवून फायबरवर परत रिव्हेट मारा. चासीस नंबर चासीसवर असतोच, पण पट्टी गायब दिसली की इन्स्पेक्टर गाडी दुप्पट वेळ बघतो.

स्टिअरिंगचा टेकू: सगळ्यात मोठी चूक इथे

सीजे घडणीच्या (जुन्या विलीज नमुन्याच्या) जीपमध्ये स्टिअरिंग कॉलमचा वरचा टेकू डॅशबोर्डच्या खालच्या ओठाला बोल्टने धरलेला असतो. म्हणजे तो पत्रा नुसता मीटर लावायला नव्हता, कॉलमला धरून ठेवणारा गाडीचा एक हाड होता. संचातल्या साच्याला त्या जागी एम-6 ची (6 मिमी बोल्टची) दोन भोकं पाडलेली आहेत आणि सोबत आठाण्याएवढे वायसर दिलेत. फायबरची जाडी मधल्या भागात 3 मिमी, कोपऱ्यांकडे 2 च्या आसपास. बोल्ट आवळला की पहिल्या दिवशी घट्ट वाटतो. मग फायबर दाबाखाली हळूहळू बसतो, बोल्ट ढिला होतो, कॉलम थरथरतो, भोक लंबगोल होतं. जांबोटीच्या रस्त्यावर दोन फेऱ्या झाल्या की स्टिअरिंग हातात वर-खाली हलायला लागतं.

पासिंगला गाडीत हात घातल्यावर बहुतेक इन्स्पेक्टर स्टिअरिंगची रिंग धरून वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून बघतात. मीटर नंतर. तिथे कॉलम हलला की पुढचं काही बघायचं कारणच उरत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे.

यावर उपाय एकच. साच्याच्या मागे काउलच्या (पुढच्या काचेखालच्या पत्र्याच्या) एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत 25 बाय 25 बाय 3 मिमीचा लोखंडी अँगल आडवा टाकायचा. अँगलच्या दोन्ही टोकांना 5 मिमी जाडीची प्लेट वेल्ड करायची, प्रत्येक प्लेटला एम-8 चे दोन बोल्ट, 8.8 ग्रेडचे, मागून नायलॉक नट. आवळताना 25 न्यूटन-मीटरच्या जवळपास, अंगात आलं म्हणून लांब पान्याने नाही. कॉलमला धरायला 30 बाय 4 मिमी पट्टीचा दोन तुकड्यांचा क्लॅम्प करून घ्या, आत 3 मिमी रबर. हा क्लॅम्प अँगलला लागतो, फायबरला नाही. मग साचा राहतो नुसता मुखवटा. तो अँगलवर एम-5 च्या बोल्टने टांगायचा. फायबरमधलं भोक 6.5 मिमी ठेवा, बोल्टपेक्षा मोठं, कारण उन्हात फायबर आणि लोखंड सारखं वाढत नाही. भोक अगदी मापाचं ठेवलं तर महिन्या-दोन महिन्यांत बोल्टभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या तड्या दिसतात. प्रत्येक बोल्टला 20 मिमीचा मोठा वायसर आणि खाली रबराची चकती हवी.

अँगल, प्लेट, क्लॅम्प हे सगळं बेळगावच्या उद्यमबागेतला कुठलाही फॅब्रिकेशनवाला अर्ध्या दिवसात करून देतो, त्याला फक्त गाडी दाखवा. वेल्डिंग मात्र गाडीबाहेर करून घ्या. गाडीतच टाका मारायची वेळ आली तर आधी साचा उतरवा, बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, आल्टरनेटरची (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची) जोडणीही सोडवा, नाहीतर त्याचे डायोड जातात. अँगल लावण्यापूर्वी सीटवर बसून क्लच आणि ब्रेक पूर्ण दाबून बघा. गुडघा अँगलला टेकत असेल तर तो 3-4 सेंटिमीटर वर घ्या.

ज्या जीपचा हँडब्रेकचा दांडा डॅशबोर्डखालून ओढायचा असतो त्यांना हाच नियम. रॅचेटची पट्टी अँगलवर, फायबरवर कधीच नाही. हँडब्रेक ओढताना डॅशबोर्ड पुढे वाकतोय हे दृश्य इन्स्पेक्टरला दाखवू नये.

अर्थ गेला कुठे?

पत्र्याच्या डॅशबोर्डवर प्रत्येक मीटरचा मागचा यू-क्लॅम्प पत्र्याला टेकायचा आणि तोच त्याचा अर्थ (अर्थिंग, म्हणजे करंटची बॅटरीच्या मायनसकडे परतीची वाट). मीटरच्या आतल्या बल्बचा अर्थही तसाच. फायबरमधून करंट जात नाही, त्यामुळे मीटर बसवले की सगळ्यांचा अर्थ एकदम तुटतो. संचाच्या जुडग्यात सगळ्या मीटरसाठी मिळून एकच बारीक काळी वायर आहे, ती एका मीटरवरून दुसऱ्यावर उड्या मारत जाते आणि शेवटी एका स्क्रूला संपते. तो स्क्रूसुद्धा रंग न खरवडलेल्या पत्र्यात.

असं झालं की लक्षणं अगदी ओळखीची असतात. लाइट लावली की डिझेलचा काटा आपोआप वर चढतो. टाकी रिकामी आणि काटा अर्ध्यावर. इंडिकेटर दिला की टेंपरेचरचा काटा टिक-टिकच्या तालावर नाचतो. बल्बमधून परत जाणारा करंट अर्थाची वाट सापडेना म्हणून मीटरमधून आणि सेंडरमधून (टाकीत, इंजिनवर बसवलेल्या मापकातून) वाट काढतो, म्हणून हे होतं. मीटर खराब नसतो. लोक मीटर बदलत बसतात.

2.5 चौरस मिमीची काळी वायर घ्या आणि तिचा गोल करा: डाव्या काउलच्या बोल्टपासून निघून प्रत्येक मीटरच्या मागच्या खुंटीवर, चावीच्या स्विचच्या बॉडीवर, खुणदिव्यांच्या पट्टीवर, आणि तिथून उजव्या काउलच्या बोल्टवर. दोन टोकांना अर्थ असल्याने मध्ये एक थिंबल (वायरीच्या टोकाची कडी) सुटलं तरी बाकीचे चालू राहतात. काउलवरचा रंग पॉलिश पेपरने पांढरा पत्रा दिसेपर्यंत काढा, एम-6 बोल्ट, स्टार वायसर, आवळून झाल्यावर वरून ग्रीस. ग्रीस आधी लावू नका.

खात्री कशी करायची ते सोपं आहे. सगळ्या लाइट, हॉर्न, वायपर चालू ठेवा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं मीटरच्या बॉडीला. 0.1 व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. 0.3 च्या वर गेलं तर अर्थ परत करा, आणि इंजिन ते चासीस ते बॅटरी हा जाड पट्टाही बघा. जुन्या जीपमध्ये अर्ध्या वेळा दोष तिथेच निघतो आणि शिव्या नव्या डॅशबोर्डला बसतात.

आता तो जुडगा. हेडलाइटची वायर फक्त 0.5 चौरस मिमी. अप्परला (लांबच्या झोताला) दोन्ही बल्ब मिळून 120 वॅट, म्हणजे 10 अँपिअर. चावीपासून दिव्यापर्यंत साधारण 4 मीटर धरले तर त्या वायरीत 1.4 व्होल्ट वाटेतच मरतात आणि हॅलोजनचा उजेड तिसऱ्या हिश्शाने घटतो. 2.5 चौरस मिमी वापरली तर तेच नुकसान 0.28 व्होल्ट. तो 10 अँपिअर करंट संचातल्या टॉगल स्विचमधूनच जातो. स्विचवर 20 अँपिअर छापलेलं आहे, पण दहा मिनिटांनी त्याच्या मागच्या पाकळीला बोट लावा म्हणजे छापण्याला किती अर्थ असतो ते कळेल. दोन रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) टाका, एक अप्परला, एक डिपरला, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) इंजिनकडच्या बाजूला, प्रत्येकी 15 अँपिअरचा फ्यूज. मग स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा, पाव अँपिअरच्याही आतला करंट जातो आणि हाच स्वस्त स्विच वर्षानुवर्षं टिकतो. फायरवॉलच्या भोकाला रबरी ग्रोमेट हवाच. संचात तो दिलेला नाही. दोन-चार रुपयांच्या वस्तूसाठी इतका कंजूसपणा समजत नाही.

जुन्या गाडीला अँपिअर मीटर असेल तर संचवाल्याने तो वगळून व्होल्ट मीटर दिला हे मात्र चांगलं केलं. अँपिअर मीटरमधून गाडीचा जवळपास सगळा करंट जातो, ती जाड उघडी खुंटी फायबरच्या मागे ठेवणं म्हणजे काडेपेटी ठेवण्यासारखं. जुन्या मीटरच्या दोन जाड वायरी एकमेकींना पक्क्या जोडून, वर स्लीव्ह चढवून बंद करा. त्या नुसत्या टेपने गुंडाळून सोडल्या तर चार्जिंगच बंद होईल. व्होल्ट मीटर इंजिन बंद असताना 12.6 आणि चालू असताना 13.8 ते 14.4 च्या दरम्यान दिसला की झालं.

स्पीडोमीटर

नियम 117 प्रमाणे चालू स्पीडोमीटर हवाच. संचातला इलेक्ट्रॉनिक आहे: प्रोपेलर शाफ्टवर एक चुंबक चिकटवायचा, शेजारी सेन्सर. एका चुंबकावर कमी वेगात काटा उड्या मारतो. चार चुंबक, 90 अंशांवर, असं केलं तर काटा शांत होतो आणि शाफ्टचा तोलही जात नाही. पण आपल्याकडची लाल माती आणि पावसाळा बघता सेन्सरवर चिखलाचा थर बसणार, चुंबक उडणार. जुना केबलवाला मीटर चालत असेल तर सरळ तोच लावा. साच्यातलं भोक त्याच्या मापाला वाढवावं लागेल: मीटर हातात घेऊन मोजा, चिकटपट्टी लावून त्यावर कंपासने गोल काढा, बारीक दाताच्या पात्याने कापा. तोंडाला मास्क बांधा, फायबरची भुकटी अंगाला आणि छातीला सारखीच चावते.

केबलचं वळण हाताच्या वितीपेक्षा लहान नको, साधारण 15 सेंटिमीटर त्रिज्या. मीटरची जागा सरकल्याने जुनी केबल बहुतेक वेळा आखूड पडते आणि मग लोक ती ताणून, दुमडून बसवतात. दुमडलेल्या केबलवर काटा 40 ला थरथरतो. आतल्या तारेला ग्रीस खालच्या दोन तृतीयांश भागालाच लावा. वरपर्यंत लावलं तर ते फिरत फिरत मीटरमध्ये चढतं आणि काटा जाम होतो.

टायर बदललेत का, ते आधी बघा. 215/75 आर 15 चा व्यास 703.5 मिमी, 235/75 आर 15 चा 733.5. हा बदल केला की खरा वेग दाखवलेल्यापेक्षा सव्वाचार टक्क्यांनी जास्त. 31 इंची टायर टाकलात तर 12 टक्के: काटा 60 वर, गाडी 67 ने. आंतरराष्ट्रीय नियमाचा गाभा एवढाच की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये. जास्त दाखवला तर चालेल, तोही खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा अधिक 4 किलोमीटर एवढ्यापर्यंत. तपासायला मशीन लागत नाही. पुणे–बंगळूर महामार्गावर पहाटे काटा 60 वर धरून किलोमीटरच्या दगडांवर 5 किलोमीटर मोजा. बरोब्बर 300 सेकंद यायला हवेत. 268 सेकंद आले तर गाडी खरी 67 ने पळतेय. जुना मीटर काढण्यापूर्वी त्यावरचा किलोमीटरचा आकडा तारखेसह लिहून, फोटो काढून ठेवा.

खुणदिवे

एलईडीची पट्टी दिसायला फक्कड. तिच्यात तीन गफलती आहेत.

पहिली चार्जिंगच्या लाल दिव्याची. जुन्या आल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्या दिव्याच्या बल्बमधूनच मिळायचा. एलईडीतून तेवढा करंट जात नाही, त्यामुळे गाडी चालू केली तरी आल्टरनेटर जागा होत नाही. रेस दिल्यावर कधी होतो, कधी नाही. एलईडीला समांतर 47 ओहमचा रेझिस्टर लावा. 12 व्होल्टवर त्यात 3 वॅट उष्णता होते, म्हणून 5 वॅटचा नको, 10 वॅटचा घ्या आणि फायबरला न टेकवता अँगलवर बसवा.

दुसरी इंडिकेटरची. पट्टीवर डाव्या-उजव्या दोन्हींसाठी एकच हिरवा बाण आहे, डाव्या आणि उजव्या वायरीच्या मध्ये जोडलेला. बल्ब असता तर कुठल्याही बाजूने पेटला असता. एलईडी एकाच दिशेने पेटतो, म्हणून उजवा इंडिकेटर देताना बाण गप्प. हझार्ड चालू केलं की दोन्ही टोकांना सारखाच व्होल्ट, मग तर पेटण्याचा प्रश्नच नाही. दोन वेगळे हिरवे एलईडी लावा, प्रत्येकाचा मायनस अर्थाच्या गोलावर. मागच्या-पुढच्या दिव्यांतही एलईडी टाकले असतील तर इंडिकेटर लुकलुकवणारा जुना, गरम होणारा फ्लॅशर भरभर फडफडतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या. मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकणं हे माप. घड्याळ लावून 30 सेकंदांत 30 ते 60 मोजा.

तिसरी रंगाची. पट्टीवर अप्परचा दिवा पांढरा आहे. तो निळा हवा. इंडिकेटर हिरवा, ऑइल, चार्जिंग आणि ब्रेक लाल. निळा एलईडी घालताना मात्र भडक घेऊ नका, रात्री चोर्ला घाटात तो डोळ्यांत घुसतो.

डिझेलचा काटा उलटा चालतोय अशी तक्रार हमखास येते. संचाचा मीटर 240 ते 33 ओहमच्या फ्लोटसाठी (टाकीतल्या तरंगत्या मापकासाठी) आहे, त्यात टाकी भरली की ओहम उतरतात. बाजारात 0 ते 90 आणि 10 ते 180 चेही फ्लोट आहेत, ज्यांत टाकी भरली की ओहम वाढतात. टाकीतल्या फ्लोटची वायर सोडवून, रिकामी आणि भरलेली अशी दोन मापं मल्टिमीटरने घ्या आणि त्याला जुळणारा मीटर मागा. पासिंगला डिझेलचा काटा कोणी अडवत नाही, पण कणकुंबीच्या पुढे जंगलात गाडी बंद पडली की कळतं.

धारा आणि टोकं

साच्याचा खालचा ओठ कारखान्यात ग्राइंडरने कापून तसाच सोडलाय. बोट फिरवा, कापतं. इथे गुडघा असतो, आणि ब्रेक दाबताना मुलांचं डोकं. आपल्या पासिंगला याचं माप घेत नाहीत, पण ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या गाडीचा डॅशबोर्ड याच गोष्टींवर नापास होतो, आणि ती मापं इथेही वापरण्यासारखी आहेत. 165 मिमी व्यासाचा गोळा डॅशबोर्डवर फिरवायचा. तो जिथे जिथे टेकेल ती जागा म्हणजे डोकं आपटण्याची जागा. तिथली कुठलीही कडक धार 2.5 मिमी त्रिज्येपेक्षा टोकदार नको. स्टिअरिंगच्या मागची जागा, रिंगबाहेर आणखी 127 मिमीपर्यंत, यातून सुटते. खालच्या ओठाला 19 मिमी त्रिज्या. स्विच 3.2 ते 9.5 मिमीपर्यंत बाहेर असेल तर त्याच्या टोकापासून 2.5 मिमीवर 200 चौरस मिमीचं रुंद अंग हवं. त्याहून लांब असेल तर दाबाखाली आत जायला किंवा तुटून पडायला हवा. संचातले टॉगल लोखंडी, 18 मिमी बाहेर, टोकाला पेन्सिलीएवढे. इथे ते सरळ नापास. त्याऐवजी चपटे रॉकर स्विच घाला.

गोळा नसेल तर प्लायची 165 मिमीची गोल चकती सुताराकडून कापून घ्या, तीच फिरवा. 2.5 मिमी त्रिज्या तपासायला 5 मिमीच्या ड्रिलची गुळगुळीत मागची दांडी धारेशेजारी धरा: धारेचा गोलपणा दांडीपेक्षा टोकदार दिसला तर कानस आणि 120 चा पॉलिश पेपर. ओठासाठी 38 मिमी बाहेरच्या व्यासाचा फर्निचरचा पाइप लांबीत अर्धा चिरून ओठावर चढवा, त्रिज्या आपोआप 19 मिळते. वरून फोम आणि रेक्झिन. नुसता फोम चिकटवून चालत नाही, कारण मऊ आवरण धरतच नाहीत, माप आतल्या कडक भागाचं.

पावसाळा मध्ये आला की मीटरच्या काचेत वाफ धरते. मीटर आणि साच्यामध्ये जी रबरी रिंग आहे ती पातळ आहे, सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून त्याखाली घाला. संचातले स्क्रू पहिल्याच पावसात तांबडे होतात, स्टेनलेसचे घ्या.

पासिंगच्या दिवशी चावी फिरवून इंजिन चालू करण्याआधी ऑइल आणि चार्जिंगचे दोन्ही लाल दिवे पेटलेले दिसले पाहिजेत आणि चालू झाल्यावर विझले पाहिजेत. हॉर्न एका सुराचा, वायपर पूर्ण फिरणारा, अप्परला निळा दिवा, पार्किंग लावल्यावर मीटर उजळलेले. सुटी वायर गुडघ्याजवळ लोंबत असेल तर तिला केबल टाय लावा; लोंबणारी एक वायर दिसली की मागच्या पन्नास वायरींबद्दल शंका येते.

साच्याचा जेलकोट (वरचा गुळगुळीत थर), रंग आणि मीटरच्या भोकांची मापं चांगली आहेत, त्यात खोट काढायला जागा नाही. विकणाऱ्याने जुडग्याऐवजी एक अँगल, एक क्लॅम्प आणि चार मीटर लांबीची जाड काळी वायर खोक्यात घातली तर हाच संच डोळे मिटून घेण्याजोगा होईल. तोवर जुना पत्रा भंगारवाल्याला देऊ नका. रंग खरवडून, रेड ऑक्साइड मारून माळ्यावर ठेवा.